पाटा नाल्याच्या खालच्या अंगाला

सत्यनारायणाची पोथी ज्याने एकदा तरी कानावर पडू दिली आहे, त्याला नैमिषारण्याचे नाव ठाऊक असते. ते नकाशावर कुठे आहे याची चौकशी मात्र प्रसाद हातात पडल्यावर कोणी करत नाही. उत्तर प्रदेशच्या सीतापूर जिल्ह्यातले आजचे नीमसार म्हणजेच ते नैमिषारण्य, आणि ते गोमती नदीच्या काठी आहे. पिलिभीत जिल्ह्यात माधोटांडा गावाजवळच्या एका तळ्यातून ही नदी निघते, नीमसारवरून लखनौत येते, पुढे सुलतानपूर आणि जौनपूर ही शहरे ओलांडते आणि सुमारे ९६० किलोमीटर वाहून कैथीला गंगेला मिळते.

गंगेची उपनदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय येतो. गोमतीचा हिमालयाशी संबंध नाही. तिच्या माथ्यावर बर्फ नाही, हिमनदी नाही. पावसाळा संपला की तिच्यात जे वाहते ते आजूबाजूच्या गाळाच्या जमिनीतून पाझरून आलेले पाणी. म्हणजे बर्फ वितळून गंगा-यमुनेला जी भर उन्हाळ्यात मिळते, तिच्यावर गोमतीचा हक्क नाही. विहिरी-बोअरनी भूजल उपसले की नदी तेवढी आटते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लखनौच्या सांडपाण्याची सगळी गोष्ट शेवटी या एका उणिवेपाशी येऊन अडते.

चौक हा लखनौचा जुना भाग, पुण्याच्या पेठांइतका दाट. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत चिंचोळ्या गल्ल्या, त्यांत अत्तराची आणि चिकनची दुकाने, थंडीत पहाटे विकायला येणारे फेसाळ मक्खन-मलाई, आणि जवळच किंग जॉर्ज यांच्या नावाचे जुने वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे अवाढव्य रुग्णालय. आपल्याकडे चिकनचा कुर्ता घेणाऱ्याला तो पांढराशुभ्र मिळतो. त्याआधी त्या कापडावर लाकडी ठशांनी निळीची नक्षी उमटवलेली असते, त्या रेघांवरून बायका आठवडेच्या आठवडे टाके घालतात, आणि भरतकाम झाल्यावर निळा रंग उतरवायला कापड धोब्याकडे जाते. ही धुलाई पिढ्यान् पिढ्या गोमतीच्या घाटांवर होत आली. शहराचे नाव ज्या कपड्यामुळे जगभर गेले, त्याला शेवटचा हात नदीचा लागतो. ही निळीची धुलाई नदीच्या दुखण्याचे मुख्य कारण नव्हे, हेही सांगायला हवे. धोबी घाटावर दिसतो म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे जाते. गल्लीतल्या हजारो घरांची मोरी आणि संडास मात्र कोणाला दिसत नाहीत.

ते पाणी आधी दारापुढच्या नालीत जाते, नाली मोठ्या नाल्याला मिळते आणि नाला गोमतीला. चौकात पाटा नाला नावाची वस्तीच आहे. नाला वरून झाकला गेला आणि त्यावर मोहल्ला उभा राहिला. शेजारी सरकटा नाला आहे, पलीकडे वजीरगंजचा नाला आहे. शहरात दोन्ही काठांवरून गोमतीत उतरणाऱ्या अशा नाल्यांची संख्या दोन डझनांच्या वर जाते. मुळात हे पावसाचे पाणी वाहून नेणारे ओढे होते. घरोघरी नळ आले, फ्लशचे संडास आले आणि त्या ओढ्यांत वर्षभर मैलापाणी वाहू लागले. त्याआधी मैला माणसे डोक्यावरून वाहून नेत. कोरडे संडास बांधण्यावर आणि माणसांकडून मैला उचलून घेण्यावर देशात कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये, आणि २०१३ मध्ये तो कायदा आणखी कडक करावा लागला. फ्लशने माणसाची त्या कामातून सुटका व्हायला हवी होती. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मैल्याचा पत्ता तेवढा बदलला.

या नाल्यांमध्ये सर्वांत उपरोधाचा आहे तो हैदर कॅनॉल. नवाब गाझीउद्दीन हैदर १८१४ मध्ये अवधच्या गादीवर आला आणि पुढे इंग्रजांच्या संमतीने राजा म्हणवू लागला. गंगेचे पाणी कालव्याने आणून गोमतीत सोडायचे असा त्याचा बेत होता. कालव्याचे काम पुरे झाले नाही, गंगा आली नाही. खोदलेला चर तेवढा उरला आणि वाढत्या शहराने तो आपल्या गटारासाठी वापरला. गोमतीला पाणी कमी आहे हे त्या राजाला कळले होते, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. त्याच्यानंतर आलेल्या अनेक योजनांच्या कर्त्यांना ते तितके कळले होते असे वाटत नाही.

१९६० मध्ये गोमतीला मोठा पूर आला आणि लखनौ बुडाले. त्यानंतर शहर वाचवायला काठांवर उंच बांध घातले गेले. बांधामुळे नदी बाहेर राहिली, पण नाल्यांचीही वाट अडली. आता नाला बांधापाशी दरवाजातून बाहेर जातो. नदी चढली की दरवाजा बंद करावा लागतो आणि आतले पाणी पंपाने उचलून पलीकडे टाकावे लागते. उताराने आपोआप जाणारे पाणी अशा रीतीने विजेवर अवलंबून झाले. चौकातल्या पाण्याच्या प्रवासातला हा पहिला कच्चा दुवा.

दुसरा दुवा बॅरेजचा. शहराला पिण्यासाठी पाणी उचलतात ते चौकाच्या वरच्या अंगाला, गऊघाटावर. उन्हाळ्यात तिथे पंपांना पाणी पुरावे म्हणून खाली शहरातच नदीवर बॅरेज बांधून पाणी तुंबवले आहे. त्यामुळे लखनौत गोमती नदी म्हणून फारशी वाहतच नाही. ती एक लांबट तळे होऊन पडून राहते. त्या तळ्याच्या एका टोकाला पिण्याच्या पाण्याचा उपसा आणि पुढच्या काठांवर नाल्यांची रांग. कागदावर ही मांडणी ठीक दिसते, कारण बहुतेक नाले उपशाच्या खाली मिळतात. पण साचलेल्या पाण्याला वरचे-खालचे फार कळत नाही.

गोमती स्वच्छ करण्याची सरकारी योजना गंगा कृती योजनेच्या पाठोपाठ आली. गंगेची योजना १९८६ मध्ये वाराणसीत सुरू झाली, आणि १९९३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात गोमतीचा समावेश झाला. तोडगा सरळ होता: नाल्यांची तोंडे नदीपाशी अडवायची, पाणी पंपांनी मुख्य वाहिनीत ढकलायचे आणि शहराबाहेर प्रक्रिया करून मग सोडायचे. चौकाच्या बाजूला दौलतगंज येथे दिवसाला ४२ दशलक्ष लिटर, म्हणजे ४२ एमएलडी क्षमतेचे केंद्र उभे राहिले. नंतर खालच्या अंगाला, गोमतीनगरच्या पलीकडे, भरवारा येथे ३४५ एमएलडीचे केंद्र आले. आपल्या जातीचे ते आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. पुढे दौलतगंजला आणखी १४ एमएलडीची भर पडली आणि हैदर कॅनॉलवर नमामि गंगे योजनेतून १२० एमएलडीचे केंद्र बांधले गेले.

या केंद्रांत नेमके होते काय? मैलापाण्यात हजारातले नऊशे नव्याण्णव भाग पाणीच असते. उरलेल्या एका भागावर सारा खेळ. तो भाग जिवाणूंचे अन्न आहे. ते अन्न नदीत गेले तर जिवाणू नदीत जेवतील आणि जेवताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतील. ते जेवण भिंतींच्या आत उरकून घ्यायचे, एवढेच कोणत्याही सांडपाणी केंद्राचे काम. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिले की मैलापाण्यात हवा फुंकत राहायची आणि खाली बसलेला जिवंत गाळ फेकून न देता पुन्हा वापरायचा, की हे काम काही तासांत होते. दौलतगंजची पद्धत त्याच घराण्यातली. तिथे टाक्यांमध्ये प्लास्टिकचे छोटे तुकडे सोडलेले असतात, त्यांच्या अंगावर जिवाणूंचा थर धरतो आणि खालून हवा सोडली जाते. काम चोख होते, पण हवा फुंकायला अखंड वीज लागते.

भरवाराची तऱ्हा वेगळी. नेदरलंड्समधल्या वाखेनिंगेन येथील गात्से लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात अशी टाकी विकसित केली, जिच्यात हवा लागतच नाही. पाणी तळातून हळूहळू वर चढते, वाटेत गाळाच्या जाड थरातून जाते, आणि त्या थरात हवेवाचून जगणारे जिवाणू घाणीचा मिथेन वायू करतात. वीज वाचते, वर वायूही मिळतो. डच मदतीने १९८९ मध्ये कानपूरच्या जाजमऊत तिचा ५ एमएलडीचा पहिला प्रयोग झाला आणि ज्या देशात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, त्या देशाला ती फार आवडली. आवडण्यासारखी होतीही. पण तिच्या मर्यादा ठाऊक असून नजरेआड झाल्या. ही टाकी घाणीचा साधारण दोन तृतीयांश भार उतरवते, सगळा नाही. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा सल्फाइड असतो, म्हणून पुढे आणखी एक हवेशीर टप्पा लागतो. शिवाय ते जिवाणू उबेचे भुकेले, आणि लखनौचा पौष-माघ आपल्या पुण्या-नाशिकच्या थंडीपेक्षा पुष्कळ कडक.

आता एक हिशेब करू. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर, हे आपल्या देशात पाणीयोजना आखताना धरायचे प्रमाण आहे. २०११ च्या जनगणनेत लखनौची लोकसंख्या २८ लाखांच्या थोडी वर होती. गुणाकार केला तर सुमारे ३०४ एमएलडी येते. दौलतगंज आणि भरवारा मिळून ३८७. म्हणजे कागदावर क्षमता उरायला हवी होती आणि गोमती निवळायला हवी होती. ती निवळली नाही. शहर वाढले, बोअरचे मोजणीत न येणारे पाणीही नाल्यांत उतरले, हे खरे. पण मुख्य कारण वेगळे आहे. केंद्राची क्षमता म्हणजे केंद्रापर्यंत पोचलेले पाणी नव्हे.

चौकातल्या घराची मोरी आणि केंद्राची टाकी यांच्यामध्ये कितीतरी ठिकाणी पाणी निसटते. घर भुयारी गटाराला जोडलेले नसते, नालीलाच जोडलेले असते. नाल्याच्या तोंडाशी जाळीत पिशव्या आणि गाळ अडकतो. पंप बंद पडतो. पावसात नाल्यातून मैल्याबरोबर रस्त्याची मातीही येते, पंपांची क्षमता ओलांडली की सारे मिश्रण बांधावरून सरळ नदीत. नाला अडवून पाणी नेण्याच्या या पद्धतीत एक खोटही आहे. नाल्याचे पाणी पातळ आणि गाळमिश्रित असते, तर टाकी आखलेली असते दाट मैलापाण्यासाठी. सल्लागारांच्या अहवालात ‘नाले अडवणे’ हा शब्द जितका सुटसुटीत दिसतो तितके ते काम नाही. माझ्या मते जुन्या शहरात घरजोडणीवर आधी खर्च व्हायला हवा आणि टाकीवर नंतर. पण टाकीचे उद्घाटन करता येते, गल्लीतल्या चेंबरचे करता येत नाही.

निसटलेल्या पाण्याचे नदीत काय होते, तेही आकड्यांतच पाहू. जिवाणूंना जेवायला लागणारा ऑक्सिजन मोजण्याच्या मापाला बीओडी म्हणतात. ही चाचणी इंग्लंडात पाच दिवसांची ठरली. आपल्या उष्ण देशात ती २७ अंशांवर तीन दिवसांत करतात. कच्च्या मैलापाण्याची बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम धरा, आणि समजा फक्त १०० एमएलडी पाणी प्रक्रियेवाचून नदीत गेले. रोज २० टन ऑक्सिजनची मागणी झाली. नदीकडे आहे किती? तीस अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन विरघळून विरघळून लिटरला साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. मासे धड जगायला आणि घाटावर अंघोळ करायला त्यातले ५ मिलिग्रॅम राहायला हवेत, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. म्हणजे खर्चायला मोकळे अडीच. सेकंदाला एक घनमीटर वाहणारी नदी या हिशेबाने दिवसाला २१६ किलो ऑक्सिजन देऊ शकते. वीस टनांसाठी सेकंदाला ९० घनमीटरहून जास्त स्वच्छ पाणी वाहायला हवे. हवेतून पाण्यात नवा ऑक्सिजन मिसळत असतो, तो या हिशेबात धरलेला नाही, त्यामुळे खरी गरज काहीशी कमी निघेल. पण नवा ऑक्सिजन खळाळत्या पाण्यात भरभर मिसळतो, बॅरेजमागे तुंबलेल्या पाण्यात नाही. भूजलावर जगणारी नदी मे महिन्यात हे ओझे पेलेल, अशी आशा बाळगायला जागा नाही.

आता ते सारे पाणी नीट शुद्ध होऊन, बीओडी ३० वर येऊन नदीत पडले असे मानू. मागणी तीन टनांवर येते. तरीही सेकंदाला १४ घनमीटर स्वच्छ पाणी हवे. मग ३० ही मर्यादा आली कुठून? तिची मुळे इंग्लंडच्या सांडपाणी विषयक रॉयल कमिशनच्या १९१२ च्या अहवालापर्यंत जातात. कमिशनने बीओडीसाठी २० आणि तरंगत्या कणांसाठी ३० अशी मर्यादा घातली, आणि सोबत एक अट घातली: सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत असले पाहिजे. जगभर आकडे उचलले गेले, अट वाटेत गळली. लखनौच्या ४०० एमएलडी सांडपाण्याला त्या अटीप्रमाणे सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर चांगले पाणी लागेल. भारतात २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० अशी बीओडीची मर्यादा ठेवली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती १० वर आणण्याचा आदेश दिला. गोमतीसारख्या नदीसाठी १० हा आकडा लाड नव्हे, तीच तिची गरज आहे.

ऑक्सिजन सर्वांत कमी कुठे होतो? सर्वसाधारण समज असा की नाल्याच्या तोंडाशी. तसे नसते. अमेरिकेत ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये दाखवले की घाण पडल्यावर ऑक्सिजन हळूहळू उतरत जातो, खालच्या अंगाला कुठेतरी तळ गाठतो आणि मग सावरू लागतो. प्रदूषण करणारे शहर आणि त्याची सर्वांत वाईट शिक्षा भोगणारे गाव यांच्यात त्यामुळे अंतर राहते. गोमतीवर लखनौच्याच औद्योगिक विषविज्ञान संस्थेतल्या कुंवर पी. सिंह आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९८ अशी पाच वर्षे आठ ठिकाणी २४ गुणधर्म मोजले. त्या मोजणीतून नदीचे तीन सरळ गट पडले: कमी, मध्यम आणि जास्त प्रदूषित. वर नीमसारच्या बाजूला पाणी बरे, शहराच्या पट्ट्यात आणि लगेच खाली सर्वांत वाईट, पुढे सुलतानपूर-जौनपूरकडे थोडे सावरलेले. पण जौनपूरला अकबराच्या काळात मुनीमखानाने बांधलेल्या पुलाखाली ते पोचते तेव्हा त्या शहराचे स्वतःचे नाले वाट पाहत असतात.

वरची बाजू बरी म्हणजे निर्दोष नव्हे. सीतापूर-लखीमपूर हा उसाचा मुलूख, आपल्या कोल्हापूर-सांगलीचा भाऊबंद. साखर आणि मद्यार्क कारखान्यांचे पाणी सरायनसारख्या उपनद्यांतून गोमतीत येते. आणि पंचगंगेकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको असे एक दृश्य लखनौलाही ठाऊक आहे: पहिल्या जोरदार पावसानंतर पाण्यावर आलेले मेलेले मासे. पाऊस आला म्हणजे नदी धुतली जाणार, मग मासे का मरावेत? उन्हाळाभर नाल्यांच्या तळाशी आणि बॅरेजमागे काळा गाळ साचलेला असतो. पहिला लोंढा तो ढवळून एकदम वर आणतो, आणि त्या गाळाची ऑक्सिजनची भूक काही तासांत भागवून घेतली जाते. शिवाय पहाटे पाण्यातला ऑक्सिजन तसाही सर्वांत कमी असतो, कारण रात्री शेवाळ आणि वनस्पती तो तयार करत नाहीत, उलट वापरतात. म्हणून मासे बहुधा सकाळी मेलेले सापडतात आणि लोक रात्री कोणीतरी विष टाकले असे म्हणतात.

बीओडी उतरली तरी रोगजंतू उतरतातच असे नाही, हे खालच्या गावांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. त्यासाठी क्लोरीनसारखा वेगळा टप्पा लागतो. रुग्णालयांतून येणाऱ्या औषधांच्या अंशांसाठी तर ही केंद्रे बांधलेलीच नाहीत. काठचा शेतकरी मात्र हे पाणी आनंदाने उचलतो, कारण त्यात नत्र आणि स्फुरद फुकट असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिजवून खायच्या पिकाला आणि कच्च्या खायच्या काकडी-मुळ्याला लागणारे पाणी वेगळे असायला हवे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि दुसरे पाणी कोणी दिलेले नसते.

२०१५ नंतर लखनौने नदीकाठ सुशोभीकरण हाती घेतले. दोन्ही बाजूंना जमिनीत खोल काँक्रीटच्या भिंती, वर बागा आणि फिरायचे रस्ते. २०१७ मध्ये सरकार बदलले, खर्चाची चौकशी लागली. पैशांचा निकाल तपास यंत्रणा लावतील. पाण्याच्या बाजूने पाहिले तर जी नदी काठच्या जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्यावर जगते, तिच्या आणि जमिनीच्या मध्ये काँक्रीटची भिंत घालणे ही शुद्ध चूक होती.

पुण्याचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते, आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. २०१६ मध्ये जपानच्या कर्जातून पुण्यात नवी केंद्रे बांधायचा करार झाला, तेव्हाही चर्चा झाली ती क्षमतेच्या आकड्याचीच. महाराष्ट्रातल्या महापालिकांना दरवर्षी जुलैअखेर पर्यावरण सद्यस्थिती अहवाल द्यावा लागतो. आपल्या शहराचा अहवाल मागवा आणि त्यात केंद्रांची क्षमता पाहू नका. ती नेहमीच भरघोस असते. रोज प्रत्यक्ष किती पाणी केंद्रात शिरले, बाहेर पडताना त्याची बीओडी किती होती, आणि मे महिन्यात खालच्या अंगाच्या पहिल्या गावाजवळ नदीत ऑक्सिजन किती होता, एवढे शोधा. हे आकडे अहवालात सापडले नाहीत, तर नगरसेवकाला लेखी विचारा.